कुणाचंही न ऐकणारे हेमचंद्र

क्युबेकमधल्या ब्रॉसार्डच्या घरात हेमचंद्र देवस्थळी कानातलं मशीन फक्त पाहुणे आले तर घालत. पूल बांधणाऱ्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते काढून खिशात ठेवलं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी अरुणाताई बोलत आणि हे समोरून मान हलवत. घर शांत होतं.

२००८च्या ऑक्टोबरात बेसमेंटमधल्या भाडेकरूने, नंदनने, ओसाकाच्या तीन मुलींचा पंक बँड दौऱ्यावर आणला. त्यांचा ड्रायव्हर पहिल्याच आठवड्यात पळून गेला. हेमचंद्रांकडे व्हॅन होती, आणि वेळही. ओटावा, शेरब्रुक, क्युबेक सिटी. बारमधले लोक कानात टिश्यूचे बोळे कोंबत, निम्मे सिगरेटच्या निमित्ताने बाहेर पडत. हेमचंद्र स्पीकरला खेटून, डोळे मिटून, शेवटपर्यंत उभे राहत. मशीन खिशातच.

गिटार त्यांना ऐकू येत नव्हती, शब्द तर नाहीतच. पण ड्रम फरशीतून तळव्यांत शिरत, बरगड्यांत घुमत. मशीन घातलं की त्याच आवाजाची नुसती किंकाळी होई. कितीतरी वर्षांनी बाहेरचं काहीतरी आत पोहोचत होतं. हे सांगायचं कसं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

"रोज एक माणूस तरी आम्हाला ऐकतो," गायिका कायो हेमचंद्रांबद्दल नंदनला म्हणाली. "व्हँकुव्हरपर्यंत पापा-सानच हवेत."

हेमचंद्रांनी विंटर टायर बसवून घेतले, नवी बॅग आणली. ते गुणगुणत होते, आणि तेही बेसूर.

निघायच्या सकाळी अरुणाताईंनी सगळ्यांना थालीपीठ वाढलं. "पापा-सान गुड मॅन," कायो म्हणाली.

"गुड?" अरुणाताईंनी जन्मभराची तक्रार इंग्रजीत केली. "ही डझन्ट हिअर एनीबडी."

कुणाचं ऐकत नाही, म्हणजे हट्टी आहे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण कायोचा घास हातातच राहिला. "नॉट हिअर? अस ऑल्सो?"

"काकू, 'लिसन' म्हणा, 'लिसन'!" नंदन घाईने म्हणाला. "तिला वाटतंय काका बहिरे आहेत."

अरुणाताईंनी समोर पाहिलं. हेमचंद्र लोणच्याची फोड चोखत सगळ्यांकडे बघून हसत होते.

"मग बहिरेच आहेत की," त्या म्हणाल्या. आणि कायोकडे वळून, सावकाश, "ही हिअर्स नथिंग. मशीन इज इन पॉकेट. यू चेक."

कायो उठून हेमचंद्रांच्या पाठीमागे उभी राहिली. "पापा-सान, यू लायर."

काहीच नाही.

"पापा-सान, नो व्हँकुव्हर. यू स्टे होम. ओके?"

अरुणाताईंनी समोरून होकाराची मान हलवली. घरातल्या सवयीने हेमचंद्रांनीही हलवली. "यस, यस!"

ड्रम वाजवणारी मुलगी हसता हसता ठसकली. मग सगळ्याच हसल्या. काय विनोद झाला ते न कळता हेमचंद्र सर्वांत मोठ्याने हसले.

"काकू, बस करा ना."

"तुला काय होतंय रे? तू बस ना रोज भिंतीशी गप्पा मारत."

तासाभरात कायोने मागवलेली भाड्याची व्हॅन ड्रायव्हरसकट आली. सामान दोन गाड्यांत विभागतायत असं समजून हेमचंद्रांनी गिटारचा सर्वांत जड अँप स्वतः उचलून तिकडे नेला, पट्टा आवळला, वळणावर तो कसा सरकतो ते मुलींना हातवारे करून दाखवलं. कायोने कमरेत वाकून नमस्कार केला. तेही वाकले. मग स्वतःच्या रिकाम्या व्हॅनमध्ये बसून त्यांनी इंजिन सुरू केलं, पुढच्या गाडीमागे निघायला.

नंदनने काचेवर टकटक केली आणि कानाकडे बोट दाखवलं. हेमचंद्रांनी मशीन घातलं.

"काका, त्यांना तुम्ही नको आहात. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्यांना कळलंय."

"कुणी सांगितलं?"

नंदन घराकडे बघू लागला.

हेमचंद्रांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. बॅग घेऊन ते आत आले. अरुणाताई टेबल पुसत होत्या.

"घातलंत?" त्यांनी कानाकडे पाहिलं. "मग बसा."

आणि त्या बोलू लागल्या.