रिकाम्या कासेचा फोटो

थांबा आबांना मी फसवलं. आबांनी कोणालाही फसवलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण यावलच्या बाजारात आणि फोनवरच्या म्हशींच्या ग्रुपवर गेलं वर्षभर याच्या उलट बोललं जातं आहे आणि मी ते मुकाट ऐकत आलो आहे. एरवी मी कोणाचं ऐकून घेणारा माणूस नाही. बाजारात माझा आवाज चार दावणी पलीकडे जातो.

आबांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. फोटो काढायच्या आधी डाव्या हाताचा पंजा वर करून ते "थांब" म्हणायचे, म्हणून सगळा गाव त्यांना थांबा आबा म्हणे. नवरीला थांब, पासपोर्टवाल्याला थांब, रडणाऱ्या पोराला थांब. एकदा तर स्टँडवरून निघालेल्या एसटीला त्यांनी पंजा दाखवला आणि ड्रायव्हरने खरंच ब्रेक मारला. आबांना बसमध्ये चढायचं नव्हतं. बाहेर उन्हात बसवलेल्या गिऱ्हाइकावर बसची सावली बरोबर पडली होती, ती त्यांना आणखी एक मिनिट पाहिजे होती. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, आबांनी फोटो काढला, मग त्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

ते मूळचे शिरपूरकडचे. चाळीस वर्षं यावलमध्ये काढली, पण बोलणं अहिराणीच राहिलं. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तसा त्यांचा स्टुडिओ बंद पडला. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. आबा त्या दुकानावरून जाताना मान वळवत नसत.

मी म्हशींचा दलाल. बोदवडच्या बाजारात दुसऱ्यांच्या म्हशी हाकण्यापासून सुरुवात केली. बाप नाही, जमीन नाही, ओळख नाही. आज फैजपूर रस्त्याला माझा स्वतःचा गोठा आहे. सौद्यात मला हरवणारा माणूस या तालुक्यात नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही, लोक सांगतात. पण बाजार फोनवर गेला आणि माझी पंचाईत झाली. मी ग्रुपवर म्हशी टाकायचो, एकेकीचे दहा दहा फोटो, कडेने गुलाबाची फुलं, वर चमचमती अक्षरं. लोक अंगठा दाखवून पुढे जायचे. फोन कोणाचाच येत नव्हता.

आबा माझ्याकडे दूध न्यायला यायचे. एक दिवस किटली हातात धरून त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावलं.

"हाई म्हैसनं लगन शे का रे?"

"आबा, डिझाइन आहे ते."

"म्हैस कोठे शे यामा?"

मी बोट दाखवलं. फुलांच्या मधोमध एक काळा डाग होता. मला राग आला, पण डाग खरंच डाग होता.

त्यांनी किटली खाली ठेवली, मोबाईल घेतला, सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसली. "हाई पुसत जाय," म्हणाले, "तुना शेणना हात शेतस." मग म्हैस गोठ्याबाहेर काढायला लावली, सकाळचं ऊन आमच्या पाठीशी येईल अशी उभी केली. स्वतः गुडघे वाकवून म्हशीच्या खांद्याइतके खाली बसले. काळ्या जनावराचा फोटो काढायचा तर पडद्यावर बोट म्हशीच्या अंगावरच टेकवायचं, म्हणजे कातडी दिसते, मागचं आभाळ पांढरं पडलं तरी पडू द्यायचं, हे मला त्या दिवशी कळलं. मागची फुटकी बादली त्यांनी पायाने सरकवली. पारडू मात्र राहू दिलं. म्हणाले, आईजवळ पोर दिसलं की माणूस फोटोवर थांबतो.

मग त्यांनी पंजा वर केला. "थांब." आणि म्हैस, देवाशप्पथ, थांबली.

त्यांचा नियम तीन फोटोंचा. चौथा टाकला तर कोणी पहिलाही बघत नाही, असं ते म्हणत. पहिला फोटो पूर्ण म्हैस, आडवी. दुसरा भरलेली कास. तिसरा धार काढून झाल्यावरची रिकामी कास. हा तिसरा माझ्या गळी उतरेना. म्हशीच्या धंद्यात जन्म गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एक-दोन वेळा दूध न काढता कास तुंबवली की कोणतीही म्हैस दुधाची दिसते. चांगल्या म्हशीची कास पिळल्यावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. मांसल कास तशीच फुगलेली राहते. रिकाम्या कासेचा फोटो म्हणजे आपलं पोट उघडं करून दाखवणं.

"आबा, असं कोणी दाखवत नाही."

"म्हनीसन तर दखाड. तू दपाडशी ते लोके बराबर शोधतस." लपवलेलंच लोक नेमकं शोधून काढतात, असं त्यांचं म्हणणं.

फोटोखाली काय लिहायचं तेही त्यांनीच ठरवलं. गाव, कितवं वेत म्हणजे कितव्यांदा व्यायली, किती दूध, आणि शेवटच्या ओळीत जनावराची खोड. आपली खोड आपणच लिहायची. नवीन माणसाला लाथ मारते, पान्हा सोडायला वेळ लावते, जे असेल ते. मी चिडून म्हटलं, "आमचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, भाव तिसऱ्याला दिसत नाही. तुम्ही म्हणता सगळं चव्हाट्यावर टाक." आबा हसले. "तुमना धंदा रुमालखाले, मना उजेडमा."

पहिली म्हैस दुपारच्या आत गेली. नंतरच्या म्हशींना फैजपूर, रावेरच काय, पार धुळ्याकडून फोन येऊ लागले. आबा रोज सकाळी उजेड पाहून यायचे. मोबदला विचारला तर म्हणाले, "खाले मनं नाव टाक, बस." म्हणून मी प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात लिहायचो: फोटो – थांबा आबा, यावल. त्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन नव्हता. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, फोनवर ते ती पोस्ट उघडायचे, नाव नीट दिसतंय ना ते डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि खालच्या कमेंट काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. पाटी उतरलेल्या माणसाला पुन्हा पाटी मिळाली होती. मला ते कळत होतं. त्यामुळे पुढे जे केलं ते न कळता केलं असं मला म्हणता येत नाही.

हळूहळू लोकांचे फोन बदलले. एक जण म्हणाला, "शेट, तुमचं राहू द्या. आबांचा फोटो आहे का तेवढं सांगा." दुसरा म्हणाला, "आबांनी पाहिली असेल तर आम्हाला पाहायची गरज नाही." म्हशी माझ्या, गोठा माझा, पायपीट माझी, आणि विश्वास त्या किटलीवाल्या म्हाताऱ्यावर! मी हे एकदा आबांना टोचून बोललो. ते रागावले नाहीत. "म्हैस तुनी शे, पन डोया मना शेतस," एवढंच म्हणाले. म्हैस माझी, पण डोळे त्यांचे, हे वाक्य माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. जळगावला नेलं, डोळ्यावर पट्टी आली, काही दिवस उन्हात जायला मनाई झाली. नेमकी त्याच दिवसांत माझ्या गोठ्यात एक म्हैस अडकून पडली होती. दिसायला देखणी, पण एक सड बंद, चारांपैकी एका आचळातून दूधच येत नव्हतं. धुळे तालुक्यातल्या एका अक्कांचा फोन आला. मुलीच्या शिक्षणासाठी दुधाचा जोडधंदा करायचा होता. त्यांनीही तेच विचारलं, "आबांचे फोटो आहेत ना, भाऊ?"

मी "आहेत" म्हणालो.

दोन वेळा धार काढली नाही. चांगली बाजू उन्हाकडे केली आणि बंद सड मांडीआड जाईल असा फोटो काढला. रिकाम्या कासेसाठी दुसरी म्हैस उभी केली. काळी म्हैस काळ्या म्हशीसारखीच दिसते, असा माझा हिशेब. दुसरीच्या शेपटीचा गोंडा पांढरा होता, तो मी कापून टाकला. काच पुसली, गुडघे वाकवले, बोट कातडीवर टेकवलं, सगळं आबांनी शिकवलं तसं. खोडीच्या ओळीत लिहिलं: खोड नाही. आणि कोपऱ्यात त्यांचं नाव.

त्या दिवशी आबांचाच फोन आला. डोळ्याला पट्टी असून पहिला प्रश्न हाच, "रिकामी कासना फोटो काढा का?"

"काढला, आबा."

"शाब्बास," आबा म्हणाले.

अक्कांनी फोटोंवर विसंबून म्हैस घेतली आणि ती त्यांच्या घरी पोचल्यावर पहिल्याच धारेला त्यांना कळलं. त्या शिकलेल्या आणि नजरेच्या पक्क्या. भरल्या आणि रिकाम्या कासेचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले, तर एकीच्या मांडीवर जुना व्रण आणि दुसरीच्या नाही. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले आणि विचारलं, "थांबा आबा, ही एकच म्हैस आहे का?" माझं नाव नव्हतंच, कारण लोकांच्या लेखी म्हैस आबांच्या शब्दावर विकली जायची, माझ्या नाही. खाली लोक तुटून पडले. हसणारी तोंडं आली. "म्हाताऱ्याचा चष्मा बदला." "आबांनी पण वाटा घेतला वाटतं." मी ते सगळं गोठ्यात बसून वाचलं. एक ओळ लिहायची होती. लिहिली नाही.

पट्टी निघाल्यावर आबा आले. किटली नव्हती. मोबाईल मागितला, सवयीने काच पुसली आणि दोन्ही फोटो फार वेळ पाहिले.

"हाऊ फोटो मना नही शे," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी पंजा वर केला, पण थांब म्हणाले नाहीत. मी आपोआप थांबलो.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन घेऊन ते एसटीने धुळ्याला गेले, तिथून अक्कांच्या गावी. तिथे त्यांनी त्या म्हशीचे नियमाने तीन फोटो काढले, बंद सड स्वच्छ दिसेल असे. घरी येऊन काकूंच्या फोनवरून ते ग्रुपवर टाकले. शेवटच्या ओळीत लिहिलं, "खोड – एक सड बंद आहे. आधीच्या फोटोत दाखवायचं राहून गेलं. माफ करा. फोटो – थांबा आबा, यावल." आधीचे फोटो मी काढले होते हे त्यांनी अक्कांनाही सांगितलं नव्हतं. मी भांडायलाच गेलो, "तुम्ही का माफी मागितली? तुम्ही काढला होता का तो?" आबा म्हणाले, "खाले नाव मनं शे ना?"

मला तेव्हा लाज वाटली, पण ती माझ्या पद्धतीने वाटली. मी लगेच सौदा करायला निघालो. अक्कांना फोन करून म्हटलं, म्हैस परत नेतो, त्याच दिवशी चारही सडांची चांगली म्हैस दारात बांधतो, पण ग्रुपवरची तुमची पोस्ट काढून टाका. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला भांडण नको. म्हैस चांगली द्या." म्हैस दिली, चांगली दिली. त्यांनी पोस्ट काढली. मी खूश. सौदा जिंकला.

माझी जाहिरात आणि माझ्याकडचे फोटो मी पुसले होते. अक्कांच्या पोस्टबरोबर दोन म्हशींचे ते दोन फोटोही, म्हणजे माझ्या लबाडीचा उरलेला पुरावाही गेला, हे नंतर माझ्या ध्यानात आलं. ग्रुपवर उरली फक्त आबांची माफी. नवीन येणारा प्रत्येक माणूस ती वाचतो आणि समजतो, म्हाताऱ्याने लबाडी केली आणि पकडला गेला. मी माझा माग पुसला आणि त्यांची सही ठेवली.

आबा नंतर गोठ्यावर आले नाहीत. दूध दुसरीकडून नेऊ लागले. रस्त्यात भेटले तर रामराम करायचे, चेहऱ्यावर राग नसायचा. तो असता तर मी चढून बोललो असतो आणि सुटलो असतो. पावसाळा संपता संपता ते झोपेतच गेले.

घरी गेलो तर काकू भिंतीकडे बघत बसल्या होत्या. "भाऊ, साऱ्या यावलचे फोटो काढले यांनी, सोताचा एक नाही. हाराला काय लावू?" माझ्या मोबाईलमध्ये एक होता. पहिल्या दिवसांतला, मी गंमत म्हणून काढलेला. गुडघे वाकवलेले आबा, वर केलेला पंजा, समोर म्हैस. छापणारा म्हणाला, म्हैस कापून टाकतो. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. काही कापायचं नाही. आता तो फोटो म्हशीसकट आबांच्या घरात लावलेला आहे.

ग्रुपवर कोणीतरी श्रद्धांजली टाकली. खाली एकाने लिहिलं, "फोटो झकास काढायचे, पण शेवटी..." आणि तीन टिंबं. मी त्याला शोधून काढायला निघालो होतो, अर्ध्या रस्त्यातून परत आलो. त्याला कोणत्या तोंडाने विचारणार होतो?

म्हणून हे लिहिलं. अक्का, ते दोन्ही फोटो तुमच्याकडे असतील तर पुन्हा टाका. आपला तो सौदा मी मोडला. कोपऱ्यातलं आबांचं नाव पुसा आणि तिथे माझं लिहा. आणि तीन टिंबं देणारे, हसणारी तोंडं टाकणारे, तुम्ही सगळे बाजाराच्या दिवशी या. मी मोकळ्यावर उभा असेन, सकाळच्या उन्हात, रुमाल खांद्यावर. वर्ष झालं, एकानेही मला विचारलं नाही. या आणि जाब विचारा. मला.