चार बोटं

मिस्त्रीला चिडायला कारण लागत नसे. पाना जागेवर सापडला नाही तर चिडायचा, आणि सापडला तर माझ्या पान्याला कोणी हात लावला म्हणून चिडायचा. गिऱ्हाईकं त्याला वचकून असत. काम मात्र इतकं चोख, की शिव्या खाऊनही त्याच्याच दारात यायची. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलेलं. कोणी त्याबद्दल विचारलं की तो एकाच दिशेला थुंकायचा. त्या दिशेला त्याचा धाकटा भाऊ वेल्डिंग करत बसलेला असायचा.

दोघं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये राबत, आणि अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. कामाचं जे काही असेल ते दारामागच्या पत्र्यावर खडूने लिहायचं. 'पाटा तडकला.' 'ब्रॅकेट दोन बोटं वर.' बोटं अशासाठी, की त्यांचे वडील सगळं बोटांनी मोजायचे. कोणी मोजपट्टी मागितली तर तीच त्याच्या डोक्यात हाणायचे.

वडिलांचा दुसरा नियम हाकेचा. चावीवर बसलेल्याने ओरडायचं, "हात!" इंजिनात वाकलेल्याने हात काढून घ्यायचे आणि ओरडायचं, "बाहेर!" उत्तर आल्याशिवाय चावी फिरवायची नाही. त्या दिवशी चावीवर धाकटा होता. सकाळीच एका पान्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. चावी फिरली आणि पंख्याच्या पट्ट्याने मिस्त्रीचं बोट नेलं. हाक आलीच नाही, असं मिस्त्री जगाला सांगत आला. मी ओरडलो होतो, उत्तर आलं नाही, असं वेल्डर म्हणायचा. पण उत्तराविना चावी फिरवली हे तर खरंच ना? मग त्याचं कोण ऐकून घेणार! त्या दिवसापासून त्याने कुठल्याही गाडीच्या चावीला हात लावला नाही.

मधली बहीण या दोघांना पुरून उरणारी. शेड वडिलांनी तिच्या नावावर केली होती. दोघांतल्या एकाला दिली असती तर दुसऱ्याने ती पेटवली असती, एवढी अक्कल म्हाताऱ्याला होती. ती स्वतःची पिकअप चालवायची, मागे पाण्याची टाकी. टेकडीवरच्या दवाखान्याला पाणी पोचवायचं काम तिला मिळालं, आणि भरल्या टाकीनिशी गाडीने निम्म्या चढावर मान टाकली. मग तिने एका ठोकलेल्या ट्रकचं मोठं इंजिन मिळवलं आणि शेडच्या दारात आणून टाकलं.

"हे त्यात बसवा," ती म्हणाली. "सोमवारी गाडी टेकडी चढली नाही तर मंगळवारी शेडला कुलूप. मग बसा दोघं रस्त्यावर, तोंडं फिरवून."

"याला सांग, वेल्डिंग धड कर म्हणावं," मिस्त्री म्हणाला.

"त्याला सांग, अक्षर धड काढ म्हणावं," वेल्डर म्हणाला.

"मी काय तुमची पोस्टमन आहे?" ती कडाडली आणि निघून गेली.

मिस्त्री वरून गुरगुरला, पण आतून चरकला. साठीला टेकलेल्या, तीन बोटांच्या मिस्त्रीला दुसरीकडे कोण उभं करणार? शेड गेली तर तो संपला.

जुनं इंजिन साखळीला टांगून काढलं. नवीन आत सोडलं तर ते पुढे इतकं आलं, की रेडिएटर होता तिथे पंखाच जाऊन बसला. म्हणजे रेडिएटर पुढे सरकवायचा, त्यासाठी नवी चौकट जोडायची. मिस्त्रीने विचार केला. मोठं इंजिन रबरावर जास्त डुलणार. पंखा आणि रेडिएटर यांच्यात नेहमीपेक्षा जास्त जागा हवी, पूर्ण चार बोटं. या वेळी चूक परवडणार नव्हती म्हणून त्याने मुद्दाम डावा हात, धडधाकट पंजा, लावून पाहिला, आणि पत्र्यावर लिहिलं: 'रेडिएटर. पंख्यापासून ४ बोटं.'

वेल्डरने वाचलं, चौकट कापली, जोडली. मिस्त्री तपासायला वाकला. डाव्या हातात बॅटरी होती, म्हणून त्याने सवयीने उजवा घातला. पंजा फटीत अगदी चपखल बसला. त्याने पत्र्यावर 'ठीक' असं लिहिलं. कौतुकाचा त्याच्याकडचा सगळ्यात मोठा शब्द तो.

रविवारी दुपारी बहिणीने गाडी बाहेर काढली. इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्रीची छाती फुगली. ती कोपऱ्यापर्यंत गेली, समोर सायकलवाला आडवा आला, तिने करकचून ब्रेक दाबला. इंजिन पुढे झुकलं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला. कर्रर्र! गाडी वाफेने झाकून गेली.

ढकलत आणली तेव्हा मिस्त्रीचा तोल पार सुटला होता. "चार लिहिलं होतं मी! डाव्या हाताने मोजून, चार! याला आकडाही वाचता येत नाही का? मुद्दाम केलंय यानं. आधी बोट खाल्लं, आता शेड खायला निघालाय!"

वेल्डरने चेहऱ्यावरची काच वर केली. "ताई, त्याला सांग, त्याची चार म्हणजे तीन."

"काय?"

"उजव्या हाताने मोजतो ना तो. बोटं आहेत तीन, गेलेलंही धरून लिहितो चार. मान्य करायला लाज वाटते. अकरा वर्षं तो चार लिहितो, मी तीन कापतो. तो तीन लिहितो, मी दोन कापतो. एक तरी काम चुकलं का विचार त्याला! या वेळी डाव्याने मोजायची बुद्धी झाली, तर 'डावी' एवढं लिहायला खडू संपला होता का?"

अकरा वर्षं ज्या चोख कामाची तो मिजास मारत होता, त्या प्रत्येक कामात या माणसाने त्याचं गेलेलं बोट गुपचूप वजा केलं होतं. त्याला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळेना.

"दुसरा रेडिएटर आणते," बहीण म्हणाली. "अंधार पडायच्या आत गाडी उभी करा."

संध्याकाळपर्यंत चौकट पुन्हा कापून जोडली. मिस्त्रीने डावा हात घालून दाखवला, वेल्डरने आपला घालून पाहिला. चार. आता इंजिन चालू करून पंखा जवळून बघायला हवा होता. मिस्त्री पुढून वाकला. बहिणीने चावी धाकट्याच्या हातात कोंबली.

"मी नाही बसणार," तो म्हणाला. त्याने चावी परत तिच्यापुढे धरली.

"मीही नाही. घाण तुमची आहे, तुम्हीच निस्तरा."

तो बसला. मग आवाज आला, "हात!"

मिस्त्रीने हात केव्हाच काढून घेतले होते. पण उत्तर देणं म्हणजे धाकट्याशी बोलणं.

"हात!!" धाकटा ओरडला. आवाज फाटला होता. चावी त्याने फिरवली नाही.

"बाहेर!" मिस्त्री खेकसला. "ओरडतोस कशाला एवढा? बहिरा नाहीये मी. तेव्हाही नव्हतो."

गाडीचं दार उघडलं आणि धाकटा खाली उतरला. थेट समोर येऊन उभा राहिला.

"ऐकू आलं होतं तुला?"

"आलं होतं."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

मिस्त्री आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिला. "सकाळी माझा पाना घेतला होतास तू," तो म्हणाला. "म्हटलं, नाही बोलत जा."

धाकट्याने गाडीच्या पत्र्यावर मूठ आपटली, दोनदा. अकरा वर्षं तो झोपेतही ती हाक मारत उठला होता, हे बहिणीला ठाऊक होतं.

"नालायक आहेस तू, दादा," तो म्हणाला.

"आहे," मिस्त्री म्हणाला. "आता चावी फिरव."

"आधी उत्तर." धाकटा परत जाऊन बसला. बाहीने डोळे पुसले आणि ओरडला, "हात!"

"बाहेर!" मिस्त्री म्हणाला, आणि दोन्ही पंजे वर करून त्याला दिसतील असे धरले.