पवनीच्या स्विचला न सांगितलेला पासवर्ड

भंडारा जिल्ह्यात गुप्तता म्हणजे काय हे कळलेला एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. ही गोष्ट जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे, कारण तो ती स्वतःच सांगत हिंडतो. जेवायला आलेल्या पाहुण्याचा मोबाइल घेऊन तो देवघरात जातो, दार लावतो आणि वाय-फाय जोडून परत आणून देतो. तुमसरच्या एका राईस मिलचं नेटवर्क त्याच्याकडे आहे. मिलमध्ये एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी, पवनीच्या गोदामात दुसरा; पवनीच्या काट्यावर मोजलेल्या धानाच्या पावत्या या वाटेने मिलमध्ये याव्यात म्हणून. दोघे दर दहा सेकंदांनी एकमेकांना रामराम करतात. चाळीस सेकंद रामराम आला नाही, तर समोरचा मेला असं धरतात. हे आकडे आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच लागतात, नाहीतर सोयरीक तुटली. साडूला हा नियम इतका पटलाय की मी फोन उचलला नाही, तर तो लगेच माझ्या बायकोला लावतो : “ताई, भाऊजी हायेत ना?”

गेल्या हंगामात धानाच्या गाड्या पवनीच्या वजनकाट्यावर लागल्या होत्या. मालकाने बजावलं होतं, “एक गाडी जरी अडली, त तू घरी बस.” नेमका तोच दिवस साडूने रामराम तीन सेकंदांवर आणायला आणि वर नव्या पासवर्डाचं, एन्क्रिप्शनचं कुलूप घालायला निवडला. ‘आधी दूरचं टोक, मंग जवळचं,’ हे त्यानेच मला दहादा ऐकवलेलं. त्या दिवशी त्याने आधी तुमसरचं टोक बदललं. पवनीचा स्विच जुन्याच चालीने रामराम करत राहिला आणि आमच्या लेखी वारला. आता पवनीत बसून कुणी नवा पासवर्ड टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मी कणी न्यायला मिलमध्ये आलो होतो. म्हटलं, पवनीला काटा सांभाळणाऱ्या तुकारामला फोनवर सांग.

“फोनवर? मंग कुलूप कायले लावलं मी, भाऊजी?”

म्हणून तो पासवर्ड माझ्या मोटरसायकलवरून पवनीला निघाला. अडीच तास साडू मागे बसून ओठ हलवत होता. कागदावर लिहून घे म्हटलं, तर त्याने माझ्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहिलं.

पवनीला काट्यावर एकही गाडी नव्हती. साडूचा चेहरा उतरला. “गेल्या परत. गेली नोकरी.”

पवनी हे आमच्या दोघांच्या बायकांचं माहेर. तुकाराम दोन खुर्च्या घेऊन धावत आला. “या जवाईबापू! च्या पेता का?”

“गाड्या कुठी गेल्या?”

“मोजून कवाच्याच पाठवल्या. हातानं पावत्या फाडल्या ना.”

“आज?”

“रोजच. तो कम्प्युटर आमाले जमत नाही जी. पावती डायवरजवळ देतो, तिकडं मुनीमजी लिवून घेतेत.”

“मंग दोन वर्सं सांगतलं काहून नाही?”

तुकारामने मान खाली घातली. “गावच्या जवायाले कसं सांगाव?”

साडूने लॅपटॉप उघडला, तुकारामकडे पाठ केली, एका हाताने आड धरून दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकला. दोन्ही टोकं जुळली, स्विचवर हिरवा दिवा लागला. त्या दिव्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला; चहावर साय धरली. त्याची नोकरी वाचली होती, पण त्याबद्दल कुणी त्याचं अभिनंदन करावं असा तो दिसत नव्हता. मीही केलं नाही.

तेव्हापासून तुमसर-पवनी मार्ग संपूर्ण सुरक्षित आहे. तिथून आजवर एकही पावती गेलेली नाही.