शिवणकाकूंचा एप्रन

सकाळी उठल्यावर त्या आधी बोटांकडे बघतात, मग घड्याळाकडे.

कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसतात. मूठ वळेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

फोन उजव्या कानाला. डाव्या खिशात चुकूनही नाही.

बरणीचं झाकण स्वतःच उघडायला जातात. उघडलं नाही की बरणीचा उद्धार करतात.

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी घेतली की नवऱ्याला विचारतात, "अहो, घेतली ना मी?" काका म्हणतात, "घेतलीस. तोंड वाकडं केलंस ते बघितलं मी."

गिऱ्हाईक दारात आलं की टेप लावायच्या आधीच सांगून मोकळ्या होतात, "तुमचा उजवा खांदा उतरता आहे." लोकांना राग येतो. कपडे मात्र बेतशीर बसतात.

त्यांना सगळे शिवणकाकू म्हणतात. मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहते. साहित्यात पदवी घेतली आहे, हे मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं. तेव्हापासून माझं नाव साहित्यिक.

"काय गं साहित्यिक, सुई ओवून देतेस? की त्यावर आधी विचार करणार?"

आमवात त्यांच्या हातात बऱ्याच वर्षांपासून मुक्कामाला आहे. बोटांची पेरं सुजलेली, मनगट सकाळी लाकडासारखं. मागच्या वर्षी हृदयाचे ठोके मंदावले आणि त्या कापड बेतता बेतता टेबलापाशीच कोसळल्या. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसला. काकू म्हणाल्या, "एक बाजू शिवली की दुसरी उसवते. जुनं कापड, दुसरं काय!"

हृदयाचे डॉक्टर जे जे बोलले ते त्यांनी पाळलं. त्यांनी नको म्हटलेली वेदनाशामक गोळी घेतली नाही. फोन छातीपासून लांब ठेवला. काकांनी फोन डाव्या हातात दिला तरी ओरडायच्या.

अडचण टाचण्यांची होती. सुजलेल्या बोटांच्या चिमटीत टाचणी येईना. आली तर सुटे, जमिनीवर पडे, आणि वाकून ती उचलणं म्हणजे दिव्यच. मग काकूंनी डोकं चालवलं. जुन्या कपाटाच्या दाराचं चपटं लोहचुंबक काढलं आणि एप्रनच्या छातीवर, डावीकडे, कापडाच्या दोन पदरांत शिवून टाकलं. टाचण्या वरून चिकटून राहायच्या. चिमटीची गरज नव्हती. बोटाच्या कडेनं सरकवली की टाचणी हातात.

"आहे का तुझ्या पुस्तकांत असं काही?" त्यांनी मला विचारलं.

नव्हतं. मी थक्क झाले होते.

दोन महिन्यांनी मी दुकानात गेले तर मशीनवर चादर टाकलेली. काकू खुर्चीत बसून धाग्यांची रिळं खोक्यात भरत होत्या.

"काय चाललंय?"

"आवरतेय. महिनाअखेर दुकान सोडायचं. मालकाला सांगून झालंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हळूहळू सांगितलं. टेबलावर वाकून काम सुरू केलं की छातीत ठोके पडायचे. एकसारखे, जोरात, मशीनची मोटर लागल्यासारखे. घरी गेलं की थांबायचे. रोज तेच.

"छातीतल्या यंत्राला काम सोसत नाहीये. बोटं तर आधीपासूनच भांडताहेत. आता दोघं मिळून सांगताहेत, बाई, पुरे."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं तर पुन्हा कापाकापी. नको गं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. हातात निळं रीळ होतं, ते खोक्यात पडत नव्हतं.

काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, फार बोलत नाही. तेव्हा बोलले.

"इंजिनातून आवाज आला तर गाडी भंगारात काढतात का? बॉनेट उघडून बघतात. ऊठ."

"अहो, मी गाडी आहे का?"

"गाडी असतीस तर एवढा वाद घातला नसतास. चल."

तपासणी केंद्रात पेसमेकर बघणारी मुलगी माझ्याच वयाची होती. तिनं काकूंना पलंगावर बसवलं, वायरी चिकटवल्या, मॉनिटरचा पडदा आमच्याकडे वळवला. यंत्र उत्तम होतं. बॅटरी भरपूर. काकूंचा चेहरा आणखी पडला. यंत्र ठीक म्हणजे दोष आपलाच, असं त्यांना वाटलं असणार.

"काम करताना कशा बसता? दाखवा बरं," ती म्हणाली.

काकू पुढे वाकल्या. काही झालं नाही.

"अशी नाही. अंगात एप्रन असतो माझ्या." परत जाताना दुकानातलं उरलेलं आवरायचं होतं म्हणून एप्रन पिशवीतच होता. मी काढून दिला. काकूंनी तो गळ्यात अडकवला आणि वाकल्या.

पडद्यावरची रेघ बदलली. ठोके एका लयीत, भराभर पडू लागले.

"हेच!" काकू छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "हेच होतं मला!"

"एप्रन काढा," मुलगी म्हणाली. काढला. रेघ पूर्ववत. "घाला." पुन्हा तेच. मग तिनं एप्रन हातात घेऊन चाचपला आणि तिची बोटं थांबली.

"काकू, यात काय शिवलंय?"

"लोहचुंबक. टाचण्यांसाठी."

त्या मुलीनं समजावलं. चुंबक पेसमेकरवर दाबलं गेलं की यंत्र ठरावीक वेगानं ठोके देऊ लागतं. बाजूला केलं की आपोआप मूळ कामाला लागतं. इजा झालेली नाही. मात्र हे पुन्हा करायचं नाही.

"फोन तर एवढा जपलात ना तुम्ही?" मी काकूंना विचारलं.

"फोन हे यंत्र आहे गं. हा तर कपाटाच्या दाराचा तुकडा!"

"म्हणजे मी काम करू शकते?" काकूंनी त्या मुलीकडे वळून फार हळू विचारलं.

"का नाही? हे तेवढं काढा."

काका छताकडे बघत म्हणाले, "काढायला वेळ लागेल. तिची शिलाई उसवत नाही."

काकू हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढ्याशा तुकड्यापायी एक अख्खं दुकान खोक्यात गेलं होतं. मला अजूनही ते नीट गिळता येत नाही.

दुकान राहिलं. काकांनी टाचण्या खोचायला टेबलाच्या उजव्या टोकाला जाड स्पंज ठोकला. मोठ्या मण्यांच्या टाचण्या आणल्या, त्या काकूंच्या बोटांना सापडतात. कात्रीच्या मुठीवर फोम गुंडाळला. सांध्यांच्या डॉक्टरांनी औषध बदललं. सकाळचा ताठरपणा थोडा आधी सुटतो. थोडाच, पण सुटतो.

काल त्यांनी बऱ्याच दिवसांनी कोट शिवायला घेतला. जाड लोकरीचं कापड. मी धागा ओवून दिला. एक बाही बसली. दुसरीला अर्ध्या खांद्यापर्यंत टाचण्या लागल्या आणि त्यांनी हात खाली ठेवले. पेरं लाल झाली होती.

"बाकीची मी लावू?" मी विचारलं.

"तू? कोट परत येईल माझ्याकडेच." त्या उठल्या. "बोटं नाही म्हणताहेत. उद्या बघू."

त्यांनी दिवा बंद केला. कोट लाकडी पुतळ्यावर तसाच राहिला, दुसरी बाही अर्धी टाचलेली, अर्धी लोंबत.