मापाचा ब्लाउज

सावित्रीबाईंनी पिशवी उघडली, आतला ब्लाउज हातात घेतला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्लाउजात तसं वाईट काहीच नव्हतं. मोरपंखी कापड, बंद गळा, कोपराच्याही खाली दोन बोटं जाणाऱ्या बाह्या, आणि शिलाई तर खुद्द सावित्रीबाईंच्याच हातची. सोबत चर्चच्या पंच कमिटीची चिठ्ठी होती, सेक्रेटरी मुकुल सरांच्या वळणदार अक्षरात. नाताळला गायनमंडळातल्या नऊ भगिनींना एकसारखे ब्लाउज शिवावेत. बाही आणि गळा सोबतच्या मापाच्या ब्लाउजाप्रमाणे ठेवावा. ख्रिस्ती स्त्रीची मर्यादा दिसली पाहिजे.

मापाचा ब्लाउज म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको. टेप लावून घ्यायला वेळ नसला की अंगात नीट बसणारा एक जुना ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे टाकायचा आणि म्हणायचं, हुबेहूब असाच शिव. हा मापाचा ब्लाउज हेमाचा होता. हेमा म्हणजे ह्याच मुकुल सरांची बायको. "जळ्ळं मेलं ते माप!" म्हणत सावित्रीबाईंनी तो टेबलावर आपटला. मग पुन्हा उचलून नीट घडी घातली, कारण त्या ब्लाउजाचा काय दोष?

सावित्रीबाईंचं दुकान रत्नागिरीत, परटवण्याच्या चढावर. दुकान कसलं, घराच्या ओटीवर पत्रा टाकून मांडलेली दोन मशीन. चाळीस वर्षं ती मशीन चालली. नवरा केरू एसटीत ड्रायव्हर होता, गणपतीपुळ्याच्या गाडीवर त्याचं आयुष्य गेलं, आणि आठ वर्षांपूर्वी तो प्रभूमध्ये झोपी गेला. बाईंचा राग त्याच्या आधीपासूनचा. गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाला घाबरायचं आणि तरी यायचं, कारण त्यांच्यासारखा मुंढा, बाही खांद्याला जोडायचा तो घेर, गावात कुणाला जमत नसे. पाठ फारच उघडी ठेवायला सांगणाऱ्या एका नवरीला त्या म्हणाल्या होत्या, "मग शिवतेस कशाला गो? रंगवूनच घे की!" नवरी हसली आणि पाठ चार बोटं वर घेऊन गेली.

म्हणजे बाईंना मर्यादा कळत नव्हती असं कुणी म्हणू नये. त्यांच्या आईनं लहानपणी शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, उतारेच्या उतारे पाठ करून घेतले होते, आणि बाई आयुष्यभर सुती साडीत राहिल्या. आपल्या कपड्यानं कुणाला खाली बघायला लागू नये आणि कुणाला हिणवल्यासारखं होऊ नये, एवढं त्यांचं साधं गणित होतं.

आणि टेप धरणाऱ्या बाईला जे दिसतं ते डॉक्टरलासुद्धा सगळं दिसत नाही. कुणाचा खांदा स्टोव्हनं भाजलेला. कुणाचा एक स्तन ऑपरेशनमध्ये गेलेला, तिला बाई न विचारता एका बाजूला कापूस भरून द्यायच्या. मिरकरवाड्यातून मुसलमान बायका यायच्या, मांडवीहून यायच्या, आणि एकीचं दुसरीला कधी कळलं नाही. तोंडाची फटकळ, पण पोटाची खोल, अशी त्यांची ख्याती होती.

आता हे नऊ ब्लाउजांचं खूळ निघालं कुठून? तर अक्षयावरून. अक्षया नर्सिंग शिकणारी पोर, गायनमंडळात तिच्यासारखा गळा नाही. ऑक्टोबरचा उकाडा, पोर ड्युटीवरून घाईघाईत आली ती बिनबाह्यांच्या कुर्त्यात. गायला उभी राहिली तशी मुकुल सरांनी हात वर करून पेटी थांबवली आणि भरल्या चर्चमध्ये म्हणाले, "प्रभूच्या घरात असं यायचं नसतं. खाली बस." पोर बसली नाही, रडत बाहेर गेली. त्यानंतर तीन रविवार ती आलीच नाही.

उपासनेतलं शास्त्रवाचन दर आठवड्याला सरांकडेच असे, आणि पुढच्या रविवारी त्यांनी त्यावर बोधही केला, म्हणजे प्रवचन. प्रेषिताच्या पत्रातला तो उतारा घेतला, स्त्रियांनी मर्यादेनं राहावं हा. अर्धाच घेतला! त्याच वाक्यात पुढं सोनं, मोती आणि भारी वस्त्रं मिरवू नका असं लिहिलंय, आणि पुढच्या बाकावर पाटल्या-बांगड्यांनी हात भरलेल्या बाया बसल्या होत्या. त्यांना कोण बोलणार? बाही किती इंच हे शास्त्रात कुठंच नाही, ते सरांनी पदरचं घातलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि शेवटी म्हणाले, "आमच्या घरचंच उदाहरण देतो. हेमाकडे बघा. मे महिन्यातसुद्धा तिची बाही कधी वर गेली नाही." सगळ्यांनी माना वळवून हेमाकडे बघितलं. हेमानं पदर ओढून घेतला. सावित्रीबाई मागच्या बाकावर दात ओठ खात बसल्या.

कारण ती बाही का खाली आली हे त्यांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी हेमा पहिल्यांदा म्हणाली, मावशी, बाही तीन बोटं वाढवा. माप घ्यायला दंड धरला तशी ती कळवळली. पदर बाजूला केला तर दंडावर चार बोटांचे आणि अंगठ्याचे वळ, हिरवे-पिवळे पडलेले. "हे काय गो?" तर म्हणे न्हाणीत पाय घसरला. न्हाणीला बोटं असतात काय? वर्षभरानं बाही आणखी खाली आली. मग गळा बंद झाला. तेव्हा बाईंना राहवलं नाही, चर्चच्या तेव्हाच्या पाळकांकडे त्या गेल्या. ते म्हणाले, घरातली गोष्ट आहे, आपण प्रार्थना करू. प्रार्थना त्यांनी केली की नाही देव जाणे, पण सरांच्या कानावर मात्र घातलं. आठवड्याभरात हेमा आली ती मनगटापर्यंतची बाही मागायला, भर मे महिन्यात. त्या दिवसापासून बाई गप्प झाल्या. आपण बोललो आणि मार तिला पडला, हे त्यांच्या काळजात रुतून बसलं. त्या ब्लाउज शिवत राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हेमा खात होती, आणि तोंड दाबायचं कापड आपल्याच मशीनवरून जात होतं, ह्याचा त्यांना स्वतःचाच भयंकर राग येई.

गुरुवारी हेमा अस्तराचं कापड घेऊन आली. बाईंनी तिला मशीनसमोर बसवलं आणि मोरपंखी ब्लाउज पुढ्यात टाकला.

"हा तू पाठवलास?"

"ह्यांनीच कपाटातून काढला."

"आणि तू बघत बसलीस?"

हेमा अस्तराची सुरकुती काढायला लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, शिवून टाका ना. नऊजणी असंच घालतील तर मला बरंच होईल. उन्हाळ्यात मी एकटीच वेगळी दिसते, कुणी ना कुणी विचारतंच. सगळ्यांच्याच बाह्या अशा असल्या तर कुणी विचारणार नाही."

सावित्रीबाई उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या वळांवर नऊ झाकणं शिवू मी? त्या कोवळ्या पोरींना त्याच्या हाताच्या मापात बसवू? अगो, तुला कळतंय का काय बोलतेस ते?"

हेमा रडायला लागली. "झाकली मूठ राहू दे, मावशी. चारचौघांत माझं नाव निघालं तर रात्री घरी मलाच जायचंय."

बाईंचा आवाज उतरला, राग उतरला नाही. त्यांनी तिला तांब्यातून पाणी दिलं. "तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. एकदा चूक केली, ती दुसऱ्यांदा नाही. पण हे नऊ मी शिवणार नाही. आणि माझ्या मागच्या खोलीला आतून कडी आहे, एवढं लक्षात ठेव. यायला वेळकाळ बघू नकोस." डोळे पुसून हेमा चढ उतरून गेली.

रविवारी उपासना संपली आणि सूचना सुरू झाल्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, नेहमीसारखेच. मुकुल सर पुढं आले आणि म्हणाले, "गायनमंडळाचे ब्लाउज आपल्या सावित्रीबाई शिवतायत. मर्यादेचा एक नमुनाच कमिटीनं ठरवून दिला आहे."

"मी शिवत नाहीये," सावित्रीबाई मागून म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते, तरी पुढच्या बाकापर्यंत चालत गेल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. "माप चुकलंय."

"कुठं चुकलंय?" सर हसत म्हणाले. "अंगात तर छान बसतं."

"बायकांचं माप तुम्ही शास्त्रातून काढलंत ना, सर? मग पुरं काढा. शिवायच्या आधी मी पुढचा भाग बघते, पाठ बघते, तेव्हा कात्री लावते. तुम्ही मधलाच तुकडा कापून आणलात. त्या पोरीला भर चर्चमध्ये रडवून बाहेर काढलीत, ही कुठली मर्यादा? चालरीतीला मर्यादा नको, नुसती बाहीला हवी?"

पुरुषांच्या बाजूला कुजबुज झाली. एक पंच म्हणाले, "बाई, हे उपासनेचं ठिकाण आहे."

"म्हणूनच बोलतेय. दुसऱ्या ठिकाणी बोलले असते तर शिव्या घातल्या असत्या." काही बाया पदराआड हसल्या. बाई हसल्या नाहीत. "सर, तुमचा आवाज चांगला आहे. तोच उतारा वाचा. पण बायकांच्या ओळीच्या वरची ओळ वाचा, तिथून तो सुरू होतो. ती पुरुषांची आहे."

मुकुल सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त मान लाल झाली होती. "आत्ता वेळ नाही. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू."

नवे पाळकसाहेब तरुण होते, चार महिन्यांपूर्वी आलेले, त्यांना हेमाबद्दलचं काही ठाऊक नव्हतं. ते सरळ मनानं म्हणाले, "वाचा ना सर. एकच तर ओळ आहे." आणि पुस्तक उघडून त्यांनी बोट ठेवून दिलं.

आता सुटका नव्हती. सरांनी चष्मा लावला. आठवड्यामागून आठवडे ह्याच जागेवरून त्यांचा आवाज चर्चभर घुमत आला होता. पुरुषांनी प्रार्थना करावी, इथपर्यंत तो नेहमीसारखाच निघाला. मग त्यांची नजर पुढं गेली. प्रार्थनेला उचलायचे ते हात निर्मळ असावेत, त्यांत राग नसावा, भांडण नसावं, असं तिथं लिहिलेलं आहे. हात ह्या शब्दावर ते अडखळले. पुढचं सगळं ओठातल्या ओठात, पुटपुटत, कुणाला कळू नये असं वाचून त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं.

सावित्रीबाईंनी हेमाला शब्द दिला होता, म्हणून ओठ घट्ट मिटून त्या सरांच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. त्या बघतायत म्हणून पुढच्या बाकावरच्या बायाही त्या हातांकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात डाव्या बाजूला, तिसऱ्या बाकावरून, कुणीतरी उठलं. गाण्यापलीकडे जिचा आवाज ह्या चर्चनं कधी ऐकला नव्हता ती हेमा. पदर खांद्यावरून सरकला होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही.

"अहो, मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "इकडं बायकांत ऐकायला येत नाही."