ज्यूरीतल्या माणसांचे जबाब

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागी ताठ होतो. दोन हजार साल नुकतंच सरलं होतं आणि मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. माझे मामाही त्यातलेच.

सकाळची हजेरी चालू असताना एक तरुण बाई ठाण्यात आली. तिचा नवरा चेन्नईत, साहुकारपेठेतल्या एका गलाईच्या दुकानात कामाला होता. त्याच गल्लीत राहणाऱ्या तिच्या मावसभावाने फोनवर खबर दिली होती. दुकानातली सोन्याची लगड गेली, आळ तिच्या नवऱ्यावर आला आणि शेटने त्याला मागच्या खोलीत कोंडलं. दोन दिवसांनी धंद्यातली वडीलधारी मंडळी बसून निकाल देणार होती. दोषी ठरला तर देशातला एकही मराठी गलाईवाला त्याला दारात उभा करणार नव्हता. खिडकीतून तो मावसभावाला म्हणाला होता, निकाल लागला की मी कुणाला तोंड दाखवणार नाही. आणि ती खोली ॲसिडचे कॅन ठेवायची होती.

बाई रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, तो बोलल्याप्रमाणे करतो. मी तक्रार नोंदवली, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि एक हवालदार बरोबर घेऊन मिळेल त्या गाडीने निघालो.

चेन्नईत स्थानिक ठाण्यात आल्याची रीतसर नोंद केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी सोबत दिलेले उपनिरीक्षक तंजावरकडच्या मराठी घराण्यातले निघाले. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, त्याला तमिळ हेल. त्यांनी आधीच गल्लीत चौकशी केली होती. मला म्हणाले, "सार, बैठक सुरू जाली. त्या पोरास आधी बघू."

दुकानाच्या पुढच्या खोलीत बैठक होती. सतरंजीवर सात-आठ वयस्क माणसं बसली होती. आम्हाला बघून त्यातले म्होरके उठले. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि अदबीने सांगितलं, "सायेब, ही आमची ज्यूरी हाय. समद्यांचं एकमत झालंय. घरातली गोष्ट घरात मिटतीय, तुमी कशाला तरास घेता?"

मी पाणी घेतलं नाही. मागची खोली उघडायला लावली.

दार उघडताच नाकाला झोंबणारा वास आला. तो भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात कॅन होता आणि कॅनचं झाकण त्याच्या मुठीत. हवालदार पुढे सरकला, मी त्याला डोळ्यांनी थांबवलं. मग उंबऱ्यावरच बसून त्याला गावाच्या बोलीत सांगितलं, "तुझी बायको ठाण्यात आलीया. जेवत न्हाई. तिनं मला तुला आणाय धाडलंय, प्रेत आणाय न्हाई." मग त्याची मूठ सुटली. उपनिरीक्षकांनी अलगद कॅन बाजूला ओढला.

तो एवढंच म्हणाला, "म्या न्हाई घेतली."

आता थोडं ज्यूरीबद्दल. आपल्याकडे हा शब्द रांगोळीच्या स्पर्धेत शिल्लक आहे. कोर्टातली ज्यूरी केव्हाच बंद झाली. पण कायद्याच्या तासाला शिकवलेलं माझ्या लक्षात होतं. ज्यूरी म्हणजे खटल्याशी काडीचा संबंध नसलेली साधी माणसं. ती शपथ घेतात, दोन्ही बाजूंचा पुरावा आपल्या कानांनी ऐकतात आणि मगच दोषी की निर्दोष ते सांगतात. ज्याचा कुणाशी लागाबांधा असेल त्याला तिथे बसू देत नाहीत. अण्णांनी शब्द बरोबर उचलला होता. त्याची एक तरी अट पाळली होती का, ते मला बघायचं होतं.

मी त्या ज्यूरीचेच जबाब घ्यायला बसलो. एकेकाला वेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला, पोराने लगड घेतली हे तुम्हाला कसं कळलं? पहिला म्हणाला, अण्णांनी सांगितलं. अण्णा म्हणाले, शेजारच्या भट्टीवाल्याने. भट्टीवाल्याने तिसऱ्याचं नाव घेतलं. असं करत सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळली. तो दुकानाच्या शेटचा मेहुणा, आणि स्वतः सतरंजीवर बसलेला.

त्याचा जबाब मात्र मी सगळ्यांसमोर घेतला. तो ठाम होता. संध्याकाळी पोराने लगड जेवणाच्या डब्यात टाकताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं त्याने सांगितलं.

"डबा कुठं होता?" मी विचारलं.

"भट्टीपाशीच. त्येच्या पायाजवळ."

खोलीत चुळबुळ झाली. गलाईच्या भट्टीजवळ डबा कुणी नेत नाही. जेवण बाहेरच्या ओट्यावर. संध्याकाळी गडी कपडेसुद्धा आत उतरवून ठेवतो, हातपाय धुतलेलं पाणीही साठवतात, कारण त्यातही सोन्याचा कण असतो. हे मला मामांमुळे ठाऊक होतं. त्या सतरंजीवरची माणसं तर त्यातच म्हातारी झाली होती. पण डबा कुठे होता हे एकानेही विचारलं नव्हतं. एकमत फार लवकर झालं होतं.

अण्णा मेहुण्याकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "तू कवा भट्टीवर बसलायस का रं? डबा तितं कोण नेतंय?"

मेहुण्याने पाणी मागितलं. ठाण्यात नेल्यावर तो फार टिकला नाही. लगड चेन्नईतल्याच गिंडी भागातल्या एका वर्कशॉपमध्ये निघाली, तिथे त्याची भागीदारी होती. चोरीचा आणि माणूस डांबून ठेवल्याचा, असे दोन्ही गुन्हे तिथल्या ठाण्यात दाखल झाले. दुसऱ्यात शेटही होता.

निघताना अण्णा पोरासमोर हात जोडून उभे राहिले. चूक झाली, पुन्हा कामावर ये, म्हणाले. त्याला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं.

पोरगा त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, तुमी रोज त्या खोलीवरनं जात हुता. एकदा दार उघडून मला इचारायचं हुतं."

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यानंतर नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. एखाद्याच्या दोषाबद्दल सगळ्यांचं एकमत आहे असं कुणी सांगितलं, की मी आधी ज्याच्यावर आळ आहे त्यालाच समोर बसवून विचारत असे. बऱ्याचदा तोपर्यंत त्याला कुणीही विचारलेलं नसे.