पेडगावचा शनिवारचा वर्ग

बाळांनो, शनिवारी तुम्ही फोन करता आणि मी तो उचलत नाही, ही तक्रार आता तुमच्या बाबांपर्यंत गेली आहे. तिकडे परदेशात तुमच्याकडे तेव्हा शुक्रवारची रात्र असते आणि तुम्हाला बोलायला सवड असते, हे मला ठाऊक आहे. पण त्या वेळी माझा फोन पर्समध्ये असतो, पर्स शाळेच्या टेबलाच्या खणात असते, आणि मी पेडगावला असते. गेल्या शनिवारी तुम्ही शेजारच्या काकूंना फोन करून आजी बरी आहे ना, असं विचारलंत. म्हणून म्हटलं, एकदा क्रमाने लिहूनच काढावं.

मी परभणीत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, हे तुम्हाला माहीत आहे. वरच्या मजल्यावरची तुमच्या बाबांची खोली रिकामी होती. ती मी विद्यापीठात शेतीची पदवी घेणाऱ्या दोन मुलींना राहायला दिली. एक कोल्हापूरकडची, उंच आणि खणखणीत आवाजाची. दुसरी हिंगोलीकडची, फारसं न बोलणारी. दोघी शनिवारी पेडगावच्या हायस्कुलात जाऊ लागल्या. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला शेवटचा तास मुख्याध्यापक त्यांना देत. नववी-दहावीच्या मुलांना शिकवायचं आणि दहावीच्या पुढेही शिक्षण असतं हे पटवायचं, एवढंच त्यांचं काम. उंच मुलीच्या गावात असंच कुणीतरी कॉलेजातून शिकवायला आलं होतं, म्हणून ती इथवर पोचली होती.

पहिल्या शनिवारी दोघी तोंड पाडून परत आल्या.

"आजी, हसली की हो पोरं आम्हाला!"

एक मुलगा उभा राहून म्हणाला होता, "ताई, शेती शिकायला कॉलेज कशाला? आमचा बाप फुकट शिकवायलाय की. वरून दोन शिव्या बी देतो."

मलाही हसू आलं. ते पाहून त्या जास्तच रुसल्या. मग मी म्हटलं, पुढच्या वेळी मीही येते.

युक्ती उंच मुलीनेच काढली. फवारणीच्या औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांतलं एक पत्रक असतं. घरोघरी ते न वाचता फेकून देतात. प्रत्येकाने आपल्या घरचं पत्रक आणायचं; त्यातलं रसायनशास्त्र त्या दोघी शिकवणार, इंग्रजी मी. माझे नियम दोनच होते. बाटली आणायची नाही, आणि तास संपला की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. तरी एकाने उपरण्यात गुंडाळून अर्धी भरलेली बाटली आणलीच. मुख्याध्यापकांनी ती शेपटीला धरलेल्या सापासारखी लांब धरून बाहेर नेली.

मुलांना तो तास फार आवडला. घरात रोज दिसणाऱ्या वस्तूवर आपल्याला वाचता येणारं काही लिहिलेलं असतं, याचंच त्यांना नवल होतं. लांबलचक इंग्रजी नावं आम्ही तोडून तोडून वाचत होतो. तेवढ्यात दहावीतली एक मुलगी उठली. गावात बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं एकच दुकान आहे, त्या दुकानदाराची ही मुलगी. हातात दोन पत्रकं धरून ती म्हणाली, "ताई, ह्या दोन्ही कंपन्यांच्या औषधात घटक एकच हाय. नाव तेवढं येगळं."

उंच मुलगी आनंदाने ओरडलीच. "शाबास! बघा, डोळे उघडे ठेवून वाचलं की असं सापडतं!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग तुझे आप्पा दोन्ही एकदम का इकतेत गं?"

वर्ग खो खो हसला. मुलगी खाली बसली.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मुलांनी घरी सांगितलं होतं, घरच्यांनी दुकानात जाऊन विचारलं होतं, आणि आप्पांनी लेकीची शाळा बंद केली नव्हती, पण आमच्या वर्गाला येणं बंद केलं होतं. दहावीनंतर तिला पुढे पाठवायचं नाही असंही ठरल्याचं तिच्या मैत्रिणीने सांगितलं. परतताना जीपमध्ये उंच मुलगी स्वतःलाच बोल लावत होती. शिक्षणाला मुलं तयार करायला गेलो आणि सगळ्यांत हुशार मुलीचंच शिक्षण थांबवून आलो, हे तिला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानात गेलो. आप्पा नुकतेच पूजा आटोपून आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या आणि आत चहा सांगितला. मराठवाड्यात भांडणसुद्धा चहा सांगून सुरू होतं.

"म्याडम, तुमी चांगल्यासाठी येता, मला ठाऊक हाय. पण गिऱ्हाइकांनी बाटल्या आणून माझ्या काउंटरवर आपटल्या. मी लुबाडतो म्हणायलेत. मी मुद्दाम केलं का? कंपनीचा माणूस म्हणतो, ही बी द्या, ती बी द्या, जोर येतो. मी दिली."

"चुकलंच आमचं, आप्पा," उंच मुलगी म्हणाली. "आधी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं."

"आता काय उपेग? पोरगी दहावी झाली की बास. अजून शिकली तर मला बाजारातून उठवील."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे ठेवला, पण आत गेली नाही.

"आप्पा, तुमच्या मागं लायसन कुणाच्या नावावर?" तिने विचारलं.

"मी जिता हाय की अजून!"

"शंभर वर्षं जगा. पण बिगर डिग्रीचा माणूस आता नवं लायसन काढू शकत न्हाई, हे तुमीच मायला सांगितलं. तुमाला जुनं टिकवायला परभणीला कोर्साला जावं लागलं, तवा किती चिडला होता! मग दुकान कुणाला देणार? मावसभावाला?"

"त्याला?" आतून तिची आई म्हणाली. "त्याला शटर बी वर सरकवता येत न्हाई."

हिंगोलीची मुलगी, जी कधी हसत नसे, तिला ठसका लागला. आप्पांच्या मिशाही हलल्या, पण त्यांनी त्या आवरल्या. डबीवर हात ठेवून त्यांनी भिंतीवरच्या परवान्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "म्याडम, तुमी इंग्रजी शिकलेल्या. पोरगी खरं बोलायलीय का?"

"खरं बोलतेय," मी म्हटलं. "आणि दुकान मोडायला नाही, टिकवायला बोलतेय."

त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला, आणि मग अट घातली. "वर्गात जे सांगायचं ते आधी इथं येऊन मला सांगा. चहा घ्या, मग शाळंत जा. गावाला कळायच्या आधी मला कळलं पाहिजे." आणि लेकीकडे न बघता, "तू जा शनिवारी. पुढचं पुढं बघू."

"पुढचं पुढं बघू" म्हणजे नकार नाही, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही आधी दुकानात गेलो, तर फळ्यांवरची मांडणी बदललेली. एका घटकाची सगळी औषधं एका फळीवर, कंपनी कुठलीही असो. मांडणी लेकीची होती, पण गिऱ्हाइकाला आप्पाच ऐटीत सांगत होते, "यातली कोणती बी एकच न्या. दोन कशाला?"

दहावीचा निकाल लागल्यावर आप्पा तिला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सोबत तुरीच्या डाळीची पिशवी. त्यांनी वरच्या खोलीची कडी, खिडकी, नळाचं पाणी सगळं तपासलं आणि मला म्हणाले, "म्याडम, हिचं इंग्रजी कच्चं हाय. कान धरा, मी काय म्हणणार न्हाई." तुमच्या बाबांच्या टेबलावर बसून तिने अकरावी-बारावी सायन्स केलं. कान धरायची वेळ आली नाही. उलट चष्मा कुठे ठेवला, हे तीच मला सांगायची.

ती आता शेतीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. उंच मुलगी पुढच्या शिक्षणाला दूर गेली, हिंगोलीची पदवी घेऊन घरी परतली. मला हल्ली फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून मी खुर्चीत बसून शिकवते, आणि फळ्यावर लिहायला आप्पांची लेक असते. शनिवारी सकाळी ती मला घ्यायला फाटकाशी येते, म्हणून तुमचा फोन तसाच राहतो. तुम्ही रविवारी करत जा.

आम्ही अजूनही आधी दुकानात जातो, त्या दिवशी काय शिकवणार ते आप्पांना सांगतो, चहा घेतो आणि मग शाळेत जातो. वर्ग भरतो आहे.